रंग बदलला म्हणजे सेन्सर झाला असं नाही

ब्रोमोक्रेसॉल ग्रीन (आम्ल-अल्कलीनुसार रंग बदलणारं रंगद्रव्य) लावलेली, वायू ओळखण्यासाठीची लवचीक पट्टी अमोनियाच्या बाटलीवर धरलीस, पिवळ्याची निळी झाली. छान! पण बाटलीच्या तोंडाशी वायू भरमसाट असतो. खरी हवा फार कंजूष. दुसऱ्या एका वायूचं उदाहरण घे: नायट्रोजन डायऑक्साइडसाठी जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची २४ तासांची मर्यादा २५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, म्हणजे अब्जात साधारण १३ भाग. तुझा वायू इतका थोडा असताना तुझी पट्टी काय दाखवते ते बघ.

आधी मात्र आर्द्रतेशी भांडण मिटव. वायूचा लवलेश नसताना नुसती दमट हवा सोडून रीडिंग घे; पट्टी नुसत्या ओलाव्यालाही दाद देते आणि निम्मा उत्साह तिथेच मावळतो. माझाही मावळला होता. रंगद्रव्य पीडीएमएसमध्ये (रबरासारखं लवचीक सिलिकोन) मिसळलं तर थोडं सोपं जातं, कारण ते पाणी झटकतं पण वायू आत येऊ देतं.

लवचीकपणाची गंमत वेगळीच. पट्टीची फिल्म वाकली की प्रकाशाचा मार्ग बदलतो आणि प्रकाश मोजणाऱ्या फोटोडायोडला वाटतं वायू आला. म्हणून शेजारी रंगद्रव्य नसलेला तसाच एक तुकडा ठेव, त्यावरही एलईडीचा प्रकाश टाक आणि दोन्हींकडून येणाऱ्या प्रकाशाचं गुणोत्तर मोज. मोबाईलच्या कॅमेऱ्याने मोजणार असशील तर ऑटो व्हाइट बॅलन्स (आपोआप रंग जुळवणारी सोय) बंद कर, नाहीतर रंग कॅमेराच ठरवेल.