वाकडचा फ्लॅट विकून मेलबर्नमध्ये घर घ्यावं का?

प्रश्न: आम्ही दोघं मार्च २०२३ मध्ये कामाच्या व्हिसावर मेलबर्नला आलो. ऑगस्ट २०२५ मध्ये पीआर (कायम राहण्याचा परवाना) मिळाली. माझा पगार सुपर (मालक भरतो तो निवृत्तिनिधी) सोडून वर्षाला १,१८,००० डॉलर, पत्नीचा अर्धवेळ नोकरीतून ४८,०००. मुलगी तीन वर्षांची आहे, आणि दुसऱ्या बाळाचाही विचार आहे. मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नेटमध्ये आठवड्याला ५३० डॉलर भाडं देतो. शिल्लक ६२,००० डॉलर. पुण्यात वाकडला माझ्या नावावर फ्लॅट आहे, २०१६ मध्ये ५८ लाखांना घेतलेला, कर्ज फिटलेलं. आज ९५ लाख येतील, भाडं २४,००० रुपये येतं. इथे एका बिल्डरकडे ७,२०,००० डॉलरचं जमीन-अधिक-घराचं पॅकेज पाहिलंय (जमीन ३,४०,०००, बांधकाम ३,८०,०००). महिनाअखेरपर्यंत सही करा म्हणतात. फ्लॅट विकून २० टक्के भरावेत, की फक्त ५ टक्के भरून कर्ज मिळणाऱ्या सरकारी योजनेतून घर घेऊन फ्लॅट ठेवावा? शिवाय इथलं स्थलांतरितांविरुद्धचं वातावरण पाहून पत्नीला वाटतं, इतका पैसा इथे अडकवूच नये.

उत्तर: नमस्कार. आधी माझं मत सांगते, मग हिशेब. या पॅकेजवर सही करू नका. फ्लॅट विका, पण या महिनाअखेरच्या घाईपायी नाही. आणि विकून आलेला पैसा घराच्या भिंतीत घालू नका, हाताशी ठेवा. पत्रात तुम्ही ५ टक्के की २० टक्के एवढंच विचारलंय. मला त्याहून मोठी काळजी वाटते ती तुमच्या गंगाजळीची.

कारण पीआर मिळाली म्हणजे ऑस्ट्रेलियाचं सगळं सामाजिक संरक्षण मिळालं असं नाही. मेडिकेअर ही सरकारी आरोग्यसेवा मिळाली, मुलीच्या चाइल्डकेअरचं अनुदान मिळालं. पण नोकरी गेल्यावर मिळणारा जॉबसीकर भत्ता नव्या पीआरधारकाला चार वर्षं मिळत नाही. तुमच्या बाबतीत म्हणजे ऑगस्ट २०२९ पर्यंत. बाळंतपणाच्या सरकारी रजेच्या पगारासाठीही दोन वर्षं थांबावं लागतं, म्हणजे ऑगस्ट २०२७. इथे जन्मलेल्या तुमच्या सहकाऱ्याची आयटीतली नोकरी गेली तर त्याच्यामागे थोडं का होईना सरकार उभं असतं. तुमच्यामागे तुमची शिल्लकच आहे. इथले मित्र ५ टक्के भरून घर घेतात आणि त्यांचं निभतं, हे पाहून निर्णय घेऊ नका. त्यांच्यातले बरेच जण नागरिक असतील, किंवा त्यांची ती चार वर्षं सरली असतील.

आता महिन्याचा हिशेब. २०२५-२६ च्या दरांनी कर आणि दोन टक्के मेडिकेअर लेव्ही वजा जाता तुमच्या हातात महिन्याला सुमारे ७,४५० डॉलर येतात, पत्नीच्या हातात सुमारे ३,४९०. मिळून १०,९४०. घर सोडून खर्च मी असा धरला आहे: अनुदान वजा जाता चाइल्डकेअर ८५०, किराणा १,२००, दोन गाड्यांचा विमा, रेगो (गाडीची नोंदणी) आणि पेट्रोल ९००, वीज-गॅस-इंटरनेट-फोन ४५०, आरोग्य विमा ३००, घरी पाठवायचे ५०० आणि किरकोळ ९००. एकूण ५,१००. तुमचे खरे आकडे वेगळे असतील तर ते घालून पाहा, पण किरकोळ खर्चाला कात्री लावून आकडा गोड करू नका. घरासाठी उरतात ५,८४०. सध्याचं भाडं महिन्याला २,२९७ पडतं. (५३० ला ४ ने गुणू नका, वर्षाचे ५२ आठवडे धरून १२ ने भागा. नव्याने आलेल्यांचं महिन्याचं गणित बहुधा इथेच चुकतं.)

७,२०,००० च्या घरावर ५ टक्के भरले तर कर्ज ६,८४,०००. सहा टक्के व्याज आणि तीस वर्षं धरली तर हप्ता ४,१०१. त्यात काउन्सिल रेट्स (पालिकेचा मालमत्ता कर), पाणी, घराचा विमा आणि दुरुस्ती मिळून ५८० तरी धरा. उरतात साधारण १,१६०. व्याज एका टक्क्याने वाढलं की हप्ता ४,५५१ होतो आणि उरतात ७००. इथली बहुतेक गृहकर्जं बदलत्या दराची असतात. मे २०२२ च्या सुरुवातीला इथल्या रिझर्व्ह बँकेचा दर ०.१० टक्के होता, नोव्हेंबर २०२३ मध्ये तो ४.३५ वर गेला. म्हणूनच बँका आजच्या दरापेक्षा तीन टक्के जास्त धरून तुमची ऐपत तपासतात. बँकेने कर्ज मंजूर केलं याचा अर्थ इतकाच की तुम्ही हप्ता भरू शकाल. दुसरं बाळ झाल्यावर पत्नीला वर्षभर घरी राहता येईल का, हे बँक विचारत नाही.

आणि हा झाला घर बांधून झाल्यानंतरचा हिशेब. पॅकेजमध्ये खरी ओढाताण त्याआधी होते. जमिनीचा व्यवहार पूर्ण झाला की तेवढ्या कर्जाचं व्याज लगेच सुरू होतं, महिन्याला सुमारे १,६००. मग पाया, सांगाडा, लॉक-अप (बाहेरच्या भिंती, दारं-खिडक्या बसणं) असे टप्पे पूर्ण होतील तसतसं बँक बिल्डरला पैसे सोडते आणि व्याज वाढत शेवटी ३,४०० पर्यंत जातं. या सगळ्या काळात भाडं चालूच. म्हणजे शेवटच्या महिन्यांत ५,७०० डॉलर नुसते डोक्यावरच्या छपरासाठी, आणि तुमच्याकडे त्यासाठी आहेत ५,८४०.

त्यातून मेलबर्नची पश्चिम बाजू बेसॉल्टच्या पठारावर वसलेली आहे. खोदताना खडक लागला की त्याचा खर्च वेगळा, आणि वर फुगणारी चिकणमाती असेल तर पाया महाग. करारात ही रक्कम अंदाजी लिहिलेली असते. जाहिरातीतल्या ३,८०,००० मध्ये कुंपण, ड्राइव्हवे, फरशी, पडदे, एसी यांतलं काय काय आहे ते ओळन्‌ओळ वाचा. बिल्डर बुडण्याची भीतीही कल्पनेतली नाही. ३१ मार्च २०२३ ला पोर्टर डेव्हिस ही मोठी कंपनी दिवाळखोरीत गेली तेव्हा सुमारे १,७०० घरं अर्धवट राहिली. कित्येक कुटुंबांच्या नावाने विमाच उतरवलेला नव्हता, हे त्यांना तेव्हा कळलं. व्हिक्टोरिया राज्यात, म्हणजे आपल्याकडे, अशा करारात अनामत ५ टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. कधीही बांधकामाचा करार केलात तर तुमच्या नावाचा विम्याचा दाखला हातात आल्याशिवाय एक डॉलरही देऊ नका.

पॅकेजची जमेची बाजूही आहे, ती लपवणार नाही. नवं घर साडेसात लाखांच्या आत असल्याने १०,००० डॉलरचं अनुदान मिळेल, आणि मुद्रांक शुल्क फक्त जमिनीच्या किमतीवर पाहिलं जात असल्याने तेही माफ होईल. पण तयार, जुनं घर घेतलं तरी पहिल्या घराला सहा लाखांपर्यंत शुल्क पूर्ण माफ आहे. त्याच्यावर मात्र ते भराभर चढतं. ७,२०,००० च्या जुन्या घराला सुमारे ३०,६०० डॉलर शुल्क बसेल, सहा लाखांच्या घराला शून्य. त्यामुळे तुमच्यासाठी माझी मर्यादा सहा लाखांची. वेरिबी, विंडम वेल, मेल्टन या भागांत शोधत राहिलात तर तीन बेडरूमचं जुनं घर त्यात बसू शकतं. तात्पुरत्या व्हिसावरच्या लोकांना १ एप्रिल २०२५ पासून जुनी घरं घेण्याची बंदी आहे. ती पीआरधारकांना लागू नाही.

१ ऑक्टोबर २०२५ पासून ५ टक्क्यांच्या योजनेतली उत्पन्नाची अट गेली, आणि मेलबर्नसाठी किमतीची मर्यादा साडेनऊ लाख झाली. २० टक्क्यांना जो भाग कमी पडतो त्याची हमी सरकार घेत असल्याने, एरवी कमी रक्कम भरणाऱ्याला लागणारा कर्जविम्याचा हप्ता वाचतो. अट आहे ती ऑस्ट्रेलियात गेल्या दहा वर्षांत मालमत्ता नसण्याची. वाकडचा फ्लॅट आड येत नाही.

आता त्या फ्लॅटकडे वळू. भाड्याचे वर्षाला २,८८,००० म्हणजे ९५ लाखांवर ३ टक्के. सोसायटीचा मेंटेनन्स, मालमत्ता कर आणि रिकामे महिने गेले की सव्वादोन टक्के धरा. पीआर मिळाल्या दिवसापासून हे भाडं ऑस्ट्रेलियाच्या विवरणपत्रातही दाखवावं लागतं. भारतात भरलेल्या कराची वजावट मिळते, पण तुमचा इथला दर ३२ टक्के पडतो. दोन्ही देशांची करखाती एकमेकांना माहिती देतात, तेव्हा ‘तिकडचं तिकडे’ हा विचार सोडा. किंमत नऊ वर्षांत वर्षाला साडेपाच टक्क्यांच्या आसपास वाढली, तीही रुपयांत. याउलट इथल्या कर्जावरचं ६ टक्के व्याज वाचलं, तर त्या वाचलेल्या पैशावर कर नाही आणि त्यात ‘जर-तर’ही नाही.

विकण्याच्या बाजूने आणखी एक भक्कम कारण आहे, आणि ते फार कमी लोकांना ठाऊक असतं. तुम्ही पीआरआधी तात्पुरत्या व्हिसावर होतात. त्यामुळे ऑस्ट्रेलियाच्या कायद्याने तुम्ही तो फ्लॅट पीआर मिळाली त्या दिवशी, त्या दिवसाच्या बाजारभावाने घेतला असं धरलं जातं. २०१६ पासूनची वाढ इथे करपात्र नाही. लवकर विकलात तर इथला भांडवली नफा नगण्य. जसजसे वर्षं धरून ठेवाल तसतशी त्यापुढची वाढ इथल्या करात येईल. पुण्यातल्या नोंदणीकृत मूल्यांककाकडून ऑगस्ट २०२५ च्या तारखेचा अहवाल आजच मागवा, विकणार नसाल तरीही.

भारतात ३७ लाखांच्या नफ्यावर साडेबारा टक्के आणि उपकर मिळून सुमारे ४ लाख ८० हजार कर बसेल. महागाई निर्देशांकाची सवलत अनिवासींना राहिलेली नाही. इथलं घर घेतलं म्हणून तिथला करही माफ होत नाही, त्यासाठी घर भारतातच घ्यावं लागतं. अडचण होते ती कपातीची. विकणारा अनिवासी असला की खरेदीदाराला नफ्यावर नाही, पूर्ण ९५ लाखांवर कर कापावा लागतो, साडेतेरा लाखांच्या आसपास. तो परतावा मिळेपर्यंत अडकून पडतो. म्हणून सौदा ठरण्याआधी सीएकडून कमी कपातीच्या प्रमाणपत्राचा अर्ज करून घ्या. याला वेळ लागतो, आणि महिनाअखेरची मुदत पाळायची तर नेमकी हीच पायरी गाळली जाते. पैसे एनआरओ (अनिवासींच्या भारतातल्या रुपयांच्या) खात्यात येतील, तिथून वर्षाला दहा लाख अमेरिकी डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात.

दलाली आणि कर जाऊन ८९ लाख उरले आणि ऑस्ट्रेलियन डॉलर ६० रुपयांचा धरला, तर १,४८,००० डॉलर होतात. हे डाउन पेमेंटमध्ये भरू नका. सहा लाखांच्या घरावर ५ टक्के, म्हणजे ३०,००० भरा आणि बाकी रक्कम ऑफसेट खात्यात ठेवा. ऑफसेटमधल्या रकमेइतक्या कर्जावर व्याज लागत नाही, आणि पैसा मात्र कधीही काढता येतो. कर्ज ५,७०,०००, हप्ता ३,४१७. वकील वगैरे खर्च जाऊन जुन्या शिलकीतले २७,००० आणि फ्लॅटचे १,४८,००० मिळून ऑफसेटमध्ये १,७५,००० राहतील, म्हणजे व्याज फक्त ३,९५,००० वर. तुमचा महिन्याचा एकूण खर्च ९,१०० होईल. फ्लॅट ठेवून हेच घर घेतलंत तर गंगाजळी तीन महिने पुरते. विकून ऑफसेटमध्ये ठेवलीत तर दोघांचा पगार थांबला तरी दीड वर्षाहून जास्त. काही बँका ९५ टक्के कर्जाला व्याजदर जरा चढा लावतात, आणि प्रत्येक कर्जाला ऑफसेट नसतो. ब्रोकरला या दोन गोष्टी लेखी विचारा.

पत्नीच्या काळजीबद्दल. ती मी हसण्यावारी नेणार नाही. ३१ ऑगस्ट २०२५ च्या स्थलांतरविरोधी मोर्चांच्या प्रचारपत्रकात भारतीयांचं नाव घेतलेलं होतं, आणि ते वाचून कोणाच्याही पोटात गोळा येईल. पण रस्त्यावरच्या घोषणा आणि मालमत्तेचा कायदा यांत अंतर आहे. पीआरधारकाच्या घराचा हक्क कुठल्याही मोठ्या पक्षाने वादात आणलेला नाही. इथली सुमारे दोन-तृतीयांश कुटुंबं स्वतःच्या घरात राहतात, त्यांना दुखावणं कोणालाच परवडत नाही. २०१९ मध्ये लेबर पक्ष घरगुंतवणुकीच्या करसवलती कमी करण्याचं वचन घेऊन निवडणुकीत उतरला आणि हरला. तुम्हाला अजून मतदानाचा हक्क नाही. चार वर्षांचं वास्तव्य मार्च २०२७ मध्ये पूर्ण होईल, तेव्हा नागरिकत्वाचा अर्ज करता येईल. उद्या मन बदललं आणि परतावंसं वाटलं, तरी ऑफसेटमधला पैसा तुमच्याबरोबर येतो. तिच्या भीतीलाही हेच उत्तर लागू पडतं. उलट राजकारणाचा धोका मला दुसरीकडे दिसतो. टार्नेट स्टेशन २०१५ पासून आहे, पण तिथे अजून डिझेलवरच्या व्ही-लाइनच्याच (राज्याच्या प्रादेशिक रेल्वेच्या) गाड्या येतात. नोव्हेंबर २०२६ च्या व्हिक्टोरियाच्या निवडणुकीत रेल्वेची आश्वासनं मिळतील. विक्रेता ती घराच्या भावात मोजायला लागला तर मोजू देऊ नका.

फ्लॅट विकायला काही महिने जातील. तेवढ्यात ३० जूनपूर्वी तुमच्या सुपरमध्ये स्वेच्छेने १५,००० पर्यंत भरता येतील. पहिल्या घरासाठी ते पुढे काढता येतात, आणि तुमच्या करदराला सव्वादोन हजारांच्या आसपास वाचतात. मात्र काढण्यासाठीचा करखात्याचा अर्ज घराच्या व्यवहाराआधी झाला पाहिजे.

सेल्स ऑफिसला या आठवड्यात लेखी कळवा की तुम्ही पुढे जात नाही आहात. राखून ठेवण्याची रक्कम भरली असेल तर पावतीवरची परतीची अट वाचा आणि तीही लेखीच मागा. सही आधीच झाली असेल तर वेळ दवडू नका: जमिनीच्या करारातून मागे फिरायला कामकाजाचे तीन दिवस असतात, बांधकामाच्या करारातून पाच.