अमेरिकन स्वभाव सरहद्दीवर घडला, हा टर्नरचा सिद्धांत नेमका काय आहे?

फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या इतिहासकाराने १८९३ मध्ये शिकागोत वाचलेल्या निबंधात तो मांडला. त्याच्या मते अमेरिकन माणूस युरोपातून आयता आला नाही. पश्चिमेकडे सरकणाऱ्या वस्तीच्या कडेला (हीच ती सरहद्द), मोकळ्या जमिनीवर, दर पिढीला नव्याने सुरुवात करावी लागली. तिथे घराण्याचं नाव कामाला येईना, म्हणून व्यक्तिवाद, लोकशाहीची ओढ आणि हिकमतीपणा अंगी मुरला. निमित्त होतं १८९० च्या जनगणनेचं. अशी सलग सरहद्द आता उरली नाही, असं तिच्या अहवालात म्हटलं होतं.

मला ‘मोकळी जमीन’ हाच भाग सगळ्यात कच्चा वाटतो. ती मूलनिवासींची होती, आणि रिकामी करायला सरकारी फौज लागली. पुढे रेल्वे कंपन्यांनाही सरकारनेच जमिनी वाटल्या. एकट्याच्या हिमतीची गोष्ट त्यामुळे बरीच पातळ होते.