सापाची भीती उपजत असते का?

प्रश्न : माझ्या दीड वर्षाच्या नातीने साप कधीही पाहिलेला नाही, तरी टीव्हीवर तो दिसला की ती आजीच्या पदराआड दडते. विजेच्या सॉकेटमध्ये मात्र बिनदिक्कत बोट घालायला जाते. सापाची भीती ती जन्मतःच घेऊन आली आहे का?
– एक आजोबा, सातारा

उत्तर : भीती नव्हे, ती चटकन शिकण्याची तयारी घेऊन आली आहे, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. सुझन मिनेका आणि मायकेल कुक यांनी 1980च्या दशकात ऱ्हीसस माकडांवर केलेले प्रयोग या बाबतीत फार बोलके आहेत. प्रयोगशाळेत वाढलेली माकडे सापाला घाबरत नव्हती. पण रानात वाढलेले माकड सापाला पाहून घाबरते, हे पाहिल्यावर तीही लवकरच घाबरू लागली. मग चित्रफितीची अशी जोडणी करण्यात आली, की तेच घाबरलेले माकड जणू फुलांना घाबरत आहे असे वाटावे. ती पाहून मात्र कोणतेही माकड फुलांना घाबरायला शिकले नाही. म्हणजे शिकावे लागतेच, परंतु सगळेच धडे सारख्या सहजतेने गिरवले जात नाहीत.

माणसाच्या बाळांतही हेच दिसते. सहा महिन्यांच्या बाळांना माशाच्या चित्राऐवजी सापाचे चित्र दाखवले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्या अधिक विस्फारल्याचे 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. मात्र बाहुली विस्फारणे हे सावध होण्याचे लक्षण आहे. त्याला भीती म्हणण्याची घाई करू नये.

सॉकेटचे उत्तर कालावधीत आहे. साप आणि आपले वानरवंशीय पूर्वज लक्षावधी वर्षे शेजारी राहिले, तर वीज घरात येऊन जेमतेम काही पिढ्या झाल्या आहेत. एवढ्यात नैसर्गिक निवडीला काही घडवायला अवसर मिळत नाही. हे स्पष्टीकरण पटण्याजोगे असले, तरी त्यावर सर्वस्वी विसंबणे मला धोक्याचे वाटते, कारण चित्रांच्या गर्दीतून बंदूक शोधायला सांगितल्यास मोठी माणसे तीही सापाइतक्याच झटपट शोधतात, असे काही प्रयोगांत दिसले आहे, आणि बंदूक तर उत्क्रांतीच्या हिशेबाने कालची वस्तू आहे.

तेव्हा पुढच्या वेळी टीव्हीवर साप आला, की नातीकडे पाहण्याआधी आजीकडे पाहावे. ‘अगं बाई!’ आधी तिच्याच तोंडून निघत असेल, तर आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर पदराच्या अलीकडेच सापडेल.