पेटी मागवण्याआधी शाळेत एक चक्कर मारा

प्रश्न : आम्ही जालन्याचं ख्रिस्ती कुटुंब. मुलगी ११ वर्षांची, यंदा पाचवी झाली. मुलगा ७ वर्षांचा. जूनपासून दोघांना घरीच शिकवायचं ठरवलंय. पुण्यातल्या एका ओळखीच्या कुटुंबाने अमेरिकेहून ख्रिस्ती अभ्यासक्रमाची आख्खी पेटी मागवली आहे. तिची किंमत ऐकून आमचे हे गप्पच झाले. एबेका, एसीई, सोनलाइट अशी नावं ऐकते. कोणती पेटी चांगली? दहावीचं कसं? मुलीला मावशीसारखं नर्स व्हायचंय. माझं शिक्षण बारावीपर्यंत, मराठी माध्यमातून.

उत्तर : ताई, सलाम.

पत्रात तुम्ही पेट्यांबद्दल भरभरून लिहिलंय आणि दहावी दोन शब्दांत उरकलीय. मी दहावीपासून सुरुवात करते.

बी.एस्सी. नर्सिंगला बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं. म्हणजे अकरावीला विज्ञान शाखा आणि प्रयोगशाळा असलेलं कॉलेज आलंच. तिथे प्रवेश घ्यायचा तर दहावी मान्यताप्राप्त मंडळाची हवी. परदेशी अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र इथे आपोआप चालत नाही; समकक्षतेचे कागद काढत फिरावं लागतं. त्या फेऱ्यांपेक्षा दोन सरळ वाटा आहेत. एक आपल्या राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचा अर्ज; जालन्याला विभागीय मंडळ छत्रपती संभाजीनगरचं. दुसरी एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था : वय १४ पूर्ण झालं की दहावीला नाव घालता येतं, विषय पाच, परीक्षा वर्षातून दोनदा, आणि एकेक विषय सोडवत गेलं तरी चालतं.

एनआयओएस निवांत आहे, हे खरं. तरी तुमच्या मुलीसाठी मी १७ नंबरच म्हणेन. जालन्यात कुठल्याही गल्लीत राज्य मंडळाचं गणित शिकवणारे सर सापडतील, जुन्या प्रश्नपत्रिका कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतील. एनआयओएसचं पुस्तक घेऊन गेलात तर तेच सर आधी चाळून बघतील आणि मग ‘उद्या या’ म्हणतील.

कायद्याची धास्ती घेऊ नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात घरच्या शिक्षणाचं नावही नाही, पण ६ ते १४ वयाच्या मुलाला वयानुसार योग्य वर्गात प्रवेश मिळण्याचा हक्क आहे. म्हणजे दोन वर्षांनी जमेनासं झालं तर आठवीपर्यंत परतीची वाट उघडी आहे. त्या वाटेने परतणाऱ्या आयांना मी कधी हरलेलं म्हणत नाही.

आता पेट्या. त्या एकसारख्या नाहीत. एसीईमध्ये प्रत्येक विषयाच्या वर्षाला बारा छोट्या पुस्तिका असतात; लेकरू स्वतः वाचतं, स्वतः लिहितं, उत्तरंही स्वतःच तपासतं. आईचं इंग्रजी कच्चं असलं तरी गाडी चालते, म्हणून ती अनेकांना आवडते. पण नुसत्या गाळलेल्या जागा भरून भरून मूल बोलायचं विसरतं, असं माझं मत आहे. एबेकात अक्षर-उच्चाराचा सराव पक्का करून घेतात. धाकट्याच्या इंग्रजीसाठी तेवढी एखादी जुनी पुस्तिका पुण्याच्या त्या बाईंकडून मागून आणा. सोनलाइट म्हणजे गोष्टीच गोष्टी, रोज मोठ्याने वाचून दाखवायच्या, आणि त्या इंग्रजीत. खरं सांगा, रात्रीच्या भाकरी झाल्यावर तुमच्याने ते होईल? शिवाय पैसे डॉलरमध्ये मोजायचे, वर टपालखर्च आणि सीमाशुल्क. एवढं करून लेकरू इंच, औंस आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष शिकणार, आणि गोदावरी कुठून निघते ते तुम्हालाच वेगळं शिकवावं लागणार.

घरी शिकवणाऱ्यांच्या या जगातली एक गोष्ट मात्र मी बिनदिक्कत उचलेन, आणि ती फुकट आहे. शार्लट मेसन नावाच्या इंग्रज शिक्षिकेची (१८४२–१९२३) पद्धत : धडा छोटा, पुस्तक कसदार, एकदा लक्ष देऊन वाचायचं आणि पुस्तक मिटून आपल्या शब्दांत सांगायचं. पैजेवर सांगते, तुमच्या आजीलाही ही पद्धत येत होती; कीर्तन ऐकून आल्यावर किंवा उपासनेहून परतल्यावर ‘आज काय सांगितलं ग?’ असं विचारायच्या ना त्या? बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट मिळतात. गणित आणि विज्ञान सेमी इंग्रजीचं घ्या, बाकी मराठीतून, आणि रोज सांगून घ्या.

धर्मशिक्षण गणिताच्या पुस्तकात कशाला शोधायचं? सकाळचा अर्धा तास पवित्र शास्त्र आणि भजन, तेही आपल्या भाषेत. आपल्याकडे काय कमी आहे? फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून आख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. ना. वा. टिळकांची भजनं तुमच्या मंडळीत आजही म्हणत असतील. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ ही आत्मकथा मुलगी तेरा-चौदाची झाली की हातात द्या. हसत हसत वाचेल. आणि तुमच्या जालन्याजवळच नारायण शेषाद्री या ख्रिस्ती मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात बेथेल ही वसाहत वसवली. एका रविवारी दुपारी लेकरांना घेऊन जा, म्हाताऱ्या माणसांना बोलतं करा, वहीत लिहून घ्यायला लावा. इतका जिवंत इतिहासाचा धडा कुठल्या पेटीत मिळणार नाही.

एक नाजूक मुद्दा. यातल्या बऱ्याच पेट्यांच्या विज्ञानात पृथ्वीचं वय काही हजार वर्षं धरतात आणि उत्क्रांती नाकारतात. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मधलं पहिलंच प्रकरण ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ आहे. नर्स होणाऱ्या मुलीला जीवशास्त्र अर्धवट येऊन चालणार नाही. जीवाणू औषधांना दाद का देईनासे होतात, हीही उत्क्रांतीच, आणि ते तिला उद्या वॉर्डात समजायला हवं. उत्पत्तीचं पुस्तक कसं वाचायचं याबद्दल ख्रिस्ती लोकांमध्येही एकमत नाही. ते तुम्ही आणि तुमचे पाळक बघा. विज्ञान मात्र मंडळाच्याच पुस्तकातून शिकवा.

आणि जूनच्या आधी एक काम कराच. मुलीच्या शाळेतून शाळा सोडल्याचा मूळ दाखला घ्या. १७ नंबरला तो मागतात, नसेल तर प्रतिज्ञापत्र करत बसावं लागतं. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना आपल्या राज्यात इतर मागासवर्गात धरतात. तुमचं घराणं त्यात बसत असेल तर पुढे जातीच्या दाखल्यासाठी शाळेतल्या नोंदी बघितल्या जातात. म्हणूनच धाकट्याचं नाव शाळेत घातलं असेल तर त्याचाही दाखला घ्या, आणि घातलंच नसेल तर निदान पहिली-दुसरी शाळेत होऊ द्या, असं मला वाटतं. दाखला काढण्याआधी शाळेच्या नोंदवहीत नाव, जन्मतारीख, धर्म-जात सगळं तिथेच उभं राहून वाचा आणि आधार कार्डाशी ताडून बघा. चूक असेल तर शाळेत असतानाच दुरुस्त होते. नाव काढल्यावर तीच चूक वर्षभर फिरवते.