मस्तूल उखडले की डोलकाठी मोडली?

नागपुरातल्याच एका अनुवादक ताईंनी विचारलं आहे: 'तुफानात जहाजाचे मस्तूल उखडले' हे वाक्य मराठीत चालेल का? आणि मस्तूल आणि शीड एकच ना?

ताई, आधी दुसऱ्या प्रश्नाचं. एकच नाही. शीड म्हणजे वारा धरणारं कापड. ते ज्या उभ्या खांबाच्या आधारानं चढवतात, तो खांब म्हणजे मस्तूल, आपल्या मराठीत डोलकाठी. शीड फाटतं, डोलकाठी मोडते. 'शीड मोडलं' असं लिहिलेलं मी छापील मजकुरातही पाहिलंय, ते चूकच. (कोळ्यांच्या 'डोलकर'मधला डोल मात्र निराळा. ते त्यांच्या जाळ्याचं नाव.)

मस्तूल आपल्याकडे हिंदीतून आला आणि हिंदीत तो पोर्तुगीजांकडून. विदर्भात हिंदीचे शब्द इतके सहज येतात की तो कानाला खटकत नाही. पण डोलकाठी हा चांगला रुळलेला शब्द असताना मी तरी तोच वापरीन. आपल्याकडे पाणी म्हणजे अंबाझरी आणि फुटाळा तलाव, म्हणून शब्दही आपले नाहीत असं थोडंच आहे!

खरी अडचण 'उखडले'ची आहे. मोठ्या जहाजात डोलकाठीचा बुंधा थेट तळाच्या कण्यावर टेकवलेला असतो, आणि काठी मधल्या तक्तपोशीच्या (म्हणजे डेकच्या) भोकातून वर येते. मांडवाच्या खांबाला तणावे देतात तसे तिलाही पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी दोर ताणलेले असतात. वाऱ्याकडच्या बाजूचा एखादा दोर तुटला की सगळा ताण काठीवर येतो आणि ती तक्तपोशीच्या वर कुठेतरी मोडते. बुंध्यासकट उपटून निघणं क्वचितच. म्हणून 'मोडली' किंवा 'मोडून पडली'.

पण मूळ मजकुरात नेमकं काय घडलंय ते बघून क्रियापद निवडा. लाकडी काठीवर वीज पडली तर ती फुटते, तिच्या चिरफळ्या होतात. लढाईत ती तोफगोळ्यानं उडते: 1805 च्या ट्रफाल्गरच्या लढाईत ब्रिटिश नौसेनापती नेल्सनच्या 'व्हिक्टरी' जहाजाची मागची डोलकाठी अशीच गेली, आणि पुढे ते जहाज जिब्राल्टरपर्यंत ओढत न्यावं लागलं. जहाज कलंडून बुडायची भीती असेल तर खलाशी स्वतःच कुऱ्हाडीनं काठी तोडतात. तिथे 'मोडली' लिहिलं तर अर्थाचा अनर्थ होईल.

मोडली म्हणजे संपलं असंही नाही. दोरांना अडकलेली काठी लाटेसरशी जहाजाच्याच बाजूवर आदळत राहते आणि भोक पाडू शकते, म्हणून ते दोर तातडीनं कापावे लागतात. तेव्हा आपल्या नौदलात असलेले अभिलाष टॉमी 2018 च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत होते; तीत शिडाच्या नौकेतून एकट्यानंच पृथ्वीप्रदक्षिणा करायची असते. 21 सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरात त्यांची 'थुरिया' नौका वादळात उलटली. डोलकाठी मोडली, पाठीला जबर मार बसला. नौदलाच्या विमानाला नौका दिसली तेव्हा मोडकी काठी बाजूला लोंबत होती. 24 तारखेला एका फ्रेंच जहाजानं त्यांना उचललं.

राहिलं 'तुफान'. ते मराठीत चालतं, पण इथे 'वादळात' जास्त साधं. तेव्हा तुमचं वाक्य: 'वादळात जहाजाची डोलकाठी मोडून पडली.' एकापेक्षा जास्त असतील तर 'डोलकाठ्या'.