मोठ्या आतड्याच्या ऑपरेशननंतर जोड भरायला कोणत्या पावडरी, गोळ्या द्याव्यात?

बाबांचं वजन ५८ किलो, मोठ्या आतड्याची उजवी बाजू काढून जोड दिलाय, ते घरी आलेत, आणि व्हे (दुधाच्या पाण्यातल्या प्रोटीनची पावडर), कोलॅजन, झिंक, व्हिटॅमिन सी, इसबगोल यांतलं काय द्यायचं हा तुमचा प्रश्न.

आधी ताट बघा, मग डबे. जोड भरायला लागतं ते प्रोटीन आणि पोटभर कॅलरी. प्रोटीन दर किलोला १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे रोज साधारण ७० ते ८७ ग्रॅम. दोन अंडी १२, शंभर ग्रॅम पनीर १८, ग्लासभर दूध ६-७, दोन वाट्या घट्ट वरण १०-१२, मासे खात असतील तर शंभर ग्रॅम सुरमई वीसच्या आसपास. इथवर ६५-७० होतात. ऑपरेशननंतर भूक मेलेली असते, म्हणून तीन मोठ्या जेवणांऐवजी सहा छोटी द्या. मऊ भात, मुगाची खिमटी, अंडं घातलेली पेज चालते. तरी कमी पडलं तर व्हे, पण स्कूपमध्ये प्रोटीन किती ते डब्यामागे वाचा. काही 'हेल्थ ड्रिंक' पावडरींत साखरच जास्त असते. पोट फुगलं, जुलाब झाले तर लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, कमी असलेला 'व्हे आयसोलेट' घ्या. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) वाढलेलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

कोलॅजन परत करा. तेही प्रोटीनच, पचून त्याची अमिनो आम्लंच (प्रोटीनचे तुकडे) होतात, थेट जोडावर जाऊन बसत नाही, आणि त्यात ट्रिप्टोफॅन हे गरजेचं अमिनो आम्ल नसतं. व्हिटॅमिन सी आहारातून मिळतं: एक पेरू, सालबिया काढून, नाहीतर ५०० मिग्रॅची एक गोळी पुरे. झिंक कमतरता असेल तरच. रोज ४० मिग्रॅच्या वर बराच काळ घेतलं तर शरीरातलं तांबं कमी होतं. लोहाच्या गोळीबरोबर एकदम देऊ नका.

इसबगोल सध्या कपाटातच ठेवा. जोडाला सूज असताना जाडसर फायबर अडकू शकतं. सर्जन सांगतील तेव्हा, भरपूर पाण्याबरोबर. तंबाखू, मिश्री मात्र आजच बंद. त्यांनी जोडाला रक्त कमी पोचतं. ताप, वाढतं पोटदुखणं, उलट्या किंवा गॅस-शौच थांबणं दिसलं तर कुठलीही गोळी न देता हॉस्पिटल गाठा, जोड गळत असू शकतो.

शेवटी, उजव्या बाजूबरोबर छोट्या आतड्याचं शेवटचं टोकही काढतात, ते किती काढलं ते विचारून घ्या. व्हिटॅमिन बी१२ तिथेच शोषलं जातं. २० सेंमीपेक्षा जास्त गेलं असेल तर पुढे इंजेक्शनं लागू शकतात, आणि यकृतातला साठा संपेपर्यंत कमतरता कळतही नाही.