धावण्यापायी घरावर अन्याय होतो आहे का?

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, त्यामुळे पूर्ण अंतर धावणाऱ्यांचा सराव साधारण सप्टेंबरात रंगात येतो. नेमके त्याच सुमारास गणपती, नवरात्र, दिवाळी आणि तुळशीच्या लग्नानंतरची लग्नसराई एकामागून एक येत राहतात, आणि समुपदेशक म्हणून माझ्याकडे एकच काळजी वेगवेगळ्या तोंडून ऐकू येऊ लागते: सरावापायी घराकडे दुर्लक्ष होते आहे, दोन्ही कसे सांभाळावे? पुरुष धावपटू हा प्रश्न स्वतः घेऊन क्वचितच येतात. त्यांच्या वतीने तो त्यांच्या बायका आणतात. स्त्रिया मात्र स्वतःच विचारतात, आणि तेही गुन्हा कबूल करावा तशा सुरात.

ज्यांच्याविषयी लिहिते आहे त्या बाई ठाण्यात राहतात आणि फोर्टमधल्या एका बँकेत अधिकारी आहेत. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वय चाळिशीच्या आसपास, घरात नवरा, नववीतली मुलगी आणि सासूबाई. दोन अर्धमॅरेथॉन पुऱ्या केल्यावर त्यांनी ४२.१९५ किलोमीटरच्या पूर्ण मॅरेथॉनसाठी नाव नोंदवले होते. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारले, "मॅडम, मी घरावर अन्याय करतेय का?" आणि उत्तराची वाट न पाहता त्या रडू लागल्या.

अशा वेळी वेळेच्या नियोजनाचे धडे द्यायचा मोह होतो. मी तो टाळते, कारण बहुतेक धडे शेवटी अर्धा तास आणखी लवकर उठण्यापाशी येऊन थांबतात. मी त्यांना एका आठवड्याची नोंद ठेवायला सांगितली. धावण्याचे किलोमीटर त्यात लिहायचे नव्हते. झोपायला किती वाजता गेलात, उठलात किती वाजता, घराबाहेर पडण्यापूर्वी काय काय केले आणि परत आल्यावर काय काय केले, एवढेच लिहायचे होते.

तो कागद वाचताना मला धावण्यापेक्षा ओट्याचीच माहिती अधिक मिळाली. रात्री कणीक मळून ठेवायची, भाजी चिरून ठेवायची, सव्वाअकराला अंथरुणावर पडायचे. साडेतीनला उठून पोळ्या, भाजी, तीन डबे. सासूबाईंचा चहा थर्मासमध्ये भरून टेबलावर. कुणाची झोप मोडू नये म्हणून बूट दाराबाहेर जिन्यात बसून घालायचे. पाच वाजता उपवन तलावापाशी गटात हजर, साडेसहाला घरी, आंघोळ, आणि मग ठाण्याहून लोकल. आठवड्यातून पाच दिवस धावणे, त्यांतल्या रविवारी लांब पल्ला.

दुर्लक्ष शोधायला बसलेल्या माणसाला या कागदावर घराची एकही गोष्ट राहून गेलेली सापडली नसती. राहून गेली होती ती झोप. सव्वाचार तासांच्या झोपेवर त्या कचेरीत आठ-नऊ तास काम करत होत्या आणि वर मॅरेथॉनचा सराव करत होत्या. धावण्याची मुभा कुणी नाकारलेली नव्हती, पण ती मिळवली पाहिजे असे त्यांनी मनाशी ठरवले होते आणि तिची किंमत त्या रोज पहाटे भरत होत्या. मी हे दाखवले तेव्हा त्या कागदाकडे पाहत म्हणाल्या, "म्हणजे ओव्हरड्राफ्टच की हो हा." ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन १९८४ साली लॉस एंजेलिसला प्रथम झाली, तोवर हे अंतर बायकांच्या शरीराला झेपणार नाही, असे बजावणारे पुष्कळ होते. आता तसे बजावायला फारसे कोणी येत नाही, पण दंड भरण्याची सवय गेलेली नाही.

बोलता बोलता आणखी एक गोष्ट कळली. तीन महिने पाळी आली नव्हती, आणि वयाचा परिणाम असेल असे समजून त्यांनी ते सोडून दिले होते. नडगीही दुखत होती, अलीकडे तर बसल्या बसल्याही. खाणे आणि विश्रांती कमी पडत असताना सराव वाढत गेला, तर शरीर आधी पाळीसारख्या गोष्टी आवरते घेते, हाडे कमकुवत होतात, चिडचिड वाढते. या अवस्थेची व्यापक मांडणी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली केली आहे आणि पुरुषही तिच्यातून सुटत नाहीत. हा माझा प्रांत नव्हे. मी पुढचे बोलणे थांबवून त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवले. तपासणीत शरीरातला लोहाचा साठा खालावलेला निघाला, नडगीच्या हाडावर ताण आलेला होता, आणि काही आठवडे धावणे पूर्ण बंद झाले.

त्या सक्तीच्या विश्रांतीत मी घरच्या मंडळींना बोलावले. बाईंना या बैठकीची धास्ती होती. आता सगळ्या तक्रारी बाहेर पडतील असे त्यांना वाटत होते. मी पहिला प्रश्न सासूबाईंना विचारला की सून पहाटे धावायला जाते त्याचा तुम्हाला काय त्रास होतो. त्या जरा घुटमळल्या आणि सुनेकडे वळून म्हणाल्या, "अगं, मला तो थर्मासमधला चहा आवडत नाही. तू गेलीस की मी तो ओतून टाकते आणि ताजा करून घेते. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही." क्षणभर कुणालाच काय बोलावे सुचेना, आणि मग मुलगी जी हसत सुटली ती थांबेना.

नवऱ्याची तक्रार खरी होती, पण ती वेगळीच निघाली. पहाटेशी त्यांचे काही भांडण नव्हते. त्यांना शनिवारची संध्याकाळ हवी होती. रविवारी लांब पल्ला म्हणून शनिवारी साडेआठलाच दिवे मालवले जात. दोघांनी मिळून कुठे जाणे बंद झाले होते, लग्नाच्या स्वागत समारंभांना ते एकटेच जात. "डबा मी करायला तयार होतो, पण मला कुणी विचारलंच नाही," असेही ते म्हणाले. त्यातले पहिले अर्धे वाक्य बाईंनी फारसे खरे मानले नाही, आणि मीही पूर्ण मानले नाही. तरी ते चारचौघांत बोलले गेले होते, म्हणून मी लगेच वार विचारले. मंगळवार आणि गुरुवार ठरले. शुक्रवारी तिघांनीही बाहेर खायचे.

शनिवारचा तोडगा बाईंनी स्वतःच काढला. बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुटी असते. लांब पल्ला त्या दोन शनिवारी पहाटे घ्यायचा, त्यासाठी शुक्रवारी लवकर झोपायचे, आणि उरलेल्या आठवड्यांत रविवारी पंधरा-सोळा किलोमीटरवर थांबायचे. आठवड्यात पाचाऐवजी तीनच दिवस धावायचे. प्रशिक्षकांनी हे मान्य केले. दर आठवड्याला अंतर चढवत न नेता मध्ये हलका आठवडा सोडणे सरावाच्या दृष्टीनेही योग्यच असते. याचीही किंमत होती. त्यांचा गट रविवारी धावतो, म्हणजे महिन्यातले सर्वांत कठीण दोन दिवस त्यांना गटाशिवाय काढावे लागणार होते. ही गोष्ट त्यांना थर्मासच्या चहापेक्षा जास्त लागली, आणि ते स्वाभाविक होते. चाळिशीत मिळालेल्या मैत्रिणी सहज सोडवत नाहीत.

हाड भरून येऊन पुन्हा धावायला लागेपर्यंत डिसेंबर उजाडला, त्यामुळे त्या जानेवारीत पूर्ण मॅरेथॉनचा विषयच उरला नाही. त्यांनी त्या वर्षी भाग घेतला नाही. सरावाची नवी घडी पुढच्या हंगामात बसली. पाळी पूर्ववत झाली आहे, झोप बहुतेक दिवस साडेसहा तासांच्या पुढे जाते. गुरुवारचा डबा अधूनमधून चुकतो आणि त्यावरून खटके उडतात. मुलगी आता दहावीला आहे. पूर्वपरीक्षा आणि मॅरेथॉन दोन्ही जानेवारीत येत असल्याने नाव नोंदवावे की नाही, हे विचारायला बाईंनी मला फोन केला होता. मुलीला विचारलेत का, असे मी म्हटले. विचारले नव्हते. आज रात्री जेवताना विचारते, म्हणाल्या.